विश्लेषण : ध्वनीने थरथरणारा बुडबुडा औषधाला वाट कशी करून देतो?

चष्म्याच्या दुकानात चष्मा साफ करून घेण्यासाठी गेलेल्या ग्राहकाला एक छोटेसे यंत्र हमखास पाहायला मिळते. दुकानदार पाण्याने भरलेल्या पोलादी पात्रात चष्मा बुडवतो आणि बटण दाबतो. पात्रातून बारीक गुणगुण ऐकू येते आणि मिनिट-दोन मिनिटांत नाकावर टेकणाऱ्या पट्ट्यांच्या व बिजागरीच्या सांदीत साचलेला मळ धुरासारखा बाहेर पडू लागतो. त्या सांदीत ना कापड पोहोचलेले असते, ना ब्रश. सोनारांकडे नक्षीदार दागिने आणि दंतवैद्यांकडे उपकरणे धुण्यासाठीही हेच यंत्र वापरले जाते.

हे काम करतात ते पाण्यातील डोळ्यांना न दिसणारे बुडबुडे. मानवी कानाला ऐकू न येणाऱ्या, म्हणजेच श्राव्यातीत ध्वनीमुळे हे बुडबुडे सेकंदाला हजारो वेळा फुगतात आणि आकसतात आणि आपल्या भोवतीच्या पाण्याला फिरवू लागतात. गेल्या पाव शतकात हीच क्रिया रक्तवाहिन्यांच्या आत घडवून आणून, मेंदूपर्यंत एरवी न पोहोचणारे औषध तेथे पोहोचवण्याचे प्रयोग सुरू आहेत. चष्म्याच्या दुकानापासून मेंदूच्या शस्त्रक्रियागृहापर्यंतच्या या प्रवासात एक गोष्ट समान आहे. बुडबुड्याचे खरे सामर्थ्य प्रकट होते ते घन भिंतीच्या सान्निध्यात.

भिंतीलगत द्रव का थबकतो?

घरातील छताचा पंखा मिनिटाला शेकडो फेरे घेतो, तरी त्याच्या पात्यांवर धुळीचा थर साचतोच. इतक्या वेगाने कापली जाणारी हवा ती धूळ उडवून का लावत नाही? कारण पात्याला अगदी चिकटून असलेला हवेचा थर पात्याबरोबरच फिरत असतो. पात्याच्या दृष्टीने पाहता तो स्थिर असतो. धुळीचे बारीक कण याच थराच्या आश्रयाने टिकून राहतात.

द्रवांचेही तसेच आहे. नदीचा प्रवाह मध्यभागी वेगवान असतो, काठाशी मंद होतो आणि तळाशी तर जवळजवळ थांबलेला असतो. तेलकट भांड्यावर नळाचे पाणी कितीही जोराने सोडले, तरी बोट फिरवल्याशिवाय तेलाचा पापुद्रा निघत नाही. कोणताही द्रव घन पृष्ठभागाला स्पर्श करतो, त्या ठिकाणी त्याचा पृष्ठभागाच्या तुलनेतील वेग शून्य असतो, हा द्रवयांत्रिकीचा पायाभूत नियम आहे. भिंतीपासून दूर जाऊ तसा वेग वाढत जातो. मधल्या या मंद पट्ट्याला सीमास्तर म्हणतात.

या स्तरातून एखादा पदार्थ भिंतीपर्यंत पोहोचायचा असेल, तर त्याला प्रवाहाचे वाहन मिळत नाही. रेणूंच्या स्वैर भटकंतीवर, म्हणजे विसरणावर विसंबावे लागते. विसरण जवळच्या अंतरासाठी चपळ आणि लांबच्या अंतरासाठी अत्यंत मंद असते. पाण्यात विरघळलेल्या लहान रेणूला १० मायक्रोमीटर अंतर कापायला सेकंदाचा विसावा भाग पुरतो. (१ मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.) मात्र अंतर शंभरपट वाढून १ मिलिमीटर झाले, की वेळ दहा हजार पटींनी वाढतो आणि आठ मिनिटांच्या घरात जातो. मळ भिंतीपासून सोडवायचा असो वा औषध भिंतीपर्यंत न्यायचे असो, अडचण एकच आहे. जेथे ढवळण्याची गरज असते, नेमके तेथेच ढवळणे पोहोचत नाही.

ध्वनीमुळे प्रवाह कसा निर्माण होतो?

ध्वनी म्हणजे माध्यमाचे पुढे-मागे होणे. एक कण जितका पुढे जातो तितकाच मागे येतो. मग त्यातून एकाच दिशेने वाहणारा प्रवाह कसा निर्माण व्हावा? एकोणिसाव्या शतकातील शास्त्रज्ञांपुढे हा प्रश्न एका खेळासारख्या प्रयोगातून उभा राहिला. धातूच्या पत्र्यावर वाळू पसरून त्याच्या कडेवर व्हायोलिनचा गज ओढला, की वाळू पत्र्याच्या स्थिर रेषांवर गोळा होते आणि सुंदर आकृत्या उमटतात. पण वाळूऐवजी अतिशय बारीक भुकटी टाकली, तर ती उलट वागते. पत्रा जेथे सर्वाधिक थरथरतो, तेथेच ती जमा होते.

या विसंगतीचा उलगडा मायकेल फॅरडे यांनी १८३१ मध्ये केला. थरथरत्या पत्र्यामुळे त्याच्यालगतच्या हवेत संथ, चक्राकार प्रवाह निर्माण होतात आणि हलकी भुकटी त्यांच्याबरोबर वाहत जाते, असे त्यांनी दाखवून दिले. हवा काढून घेतलेल्या पात्रात तोच प्रयोग केला, तेव्हा बारीक भुकटीही वाळूप्रमाणेच वागली. पुढे १८८४ मध्ये लॉर्ड रॅले यांनी अशा प्रवाहांचे गणित मांडले. भिंतीलगतचा चिकटपणा हेच या प्रवाहाचे मूळ असल्याचे त्यातून स्पष्ट झाले.

याचे मर्म समजण्यासाठी होडीचे उदाहरण पुरेसे आहे. नावाड्याचे वल्हे मागे-पुढेच होत असते, होडी मात्र पुढे जाते. कारण वल्हे मागे ओढताना पाण्यात असते आणि पुढे नेताना पाण्याबाहेर. जाण्याचा आणि येण्याचा मार्ग एकच नसला, की पुढे-मागे होणाऱ्या हालचालीतूनही एकाच दिशेची वाटचाल उरते. ध्वनीने हलणाऱ्या द्रवाचेही असेच होते. प्रत्येक आंदोलनात कण जेथून निघाला, नेमका तेथे परत येत नाही. ही तफावत अत्यल्प असते, पण सेकंदाला लाखो आंदोलने होत असतील, तर त्या तफावतींची बेरीज म्हणजे एक वाहता प्रवाह.

मग बुडबुडाच का हवा?

पाणी दाबले जात नाही म्हटले तरी चालेल. वायू सहज दाबला जातो. त्यामुळे पाण्यातून ध्वनितरंग जातो, तेव्हा पाण्याचे कण नाममात्र हलतात, पण वाटेतील वायूचा बुडबुडा दाब वाढताच आकसतो आणि दाब घटताच फुगतो. वायू येथे स्प्रिंगसारखा आणि भोवतालचे पाणी त्या स्प्रिंगला लावलेल्या वजनासारखे वागते. अशा प्रत्येक जोडीची स्वतःची एक स्वाभाविक वारंवारता असते. त्याच वारंवारतेचा ध्वनी मिळाला, की झोक्याला योग्य क्षणी दिलेल्या धक्क्याप्रमाणे बुडबुड्याची थरथर कमालीची वाढते.

ही वारंवारता किती, याचे गणित मार्सेल मिनार्ट यांनी १९३३ मध्ये मांडले. मिनार्ट हे नेदरलँड्समध्ये काम करणारे खगोलशास्त्रज्ञ. पण वाहत्या पाण्याच्या नादाचे कोडे त्यांना सोडवावेसे वाटले. ओढ्याची खळखळ ही पाण्याची नसून पाण्यात अडकलेल्या हवेच्या बुडबुड्यांची असते, हा त्यांच्या अभ्यासाचा निष्कर्ष. १ मिलिमीटर त्रिज्येचा बुडबुडा सेकंदाला सुमारे ३,३०० वेळा कंप पावतो. बुडबुडा जितका लहान, तितका त्याचा सूर उंच.

या साध्या नियमातून वैद्यकशास्त्राच्या पदरात एक सुदैवी योग पडला. मिलिमीटरऐवजी १ ते २ मायक्रोमीटर त्रिज्येचा बुडबुडा घेतला, तर त्याची स्वाभाविक वारंवारता सेकंदाला दहा लाखांपेक्षा अधिक, म्हणजे काही मेगाहर्ट्झ होते. सोनोग्राफीची यंत्रे नेमकी याच पट्ट्यात काम करतात. शिवाय हा बुडबुडा सुमारे ७ ते ८ मायक्रोमीटर व्यासाच्या तांबड्या रक्तपेशीहूनही लहान असल्याने सर्वांत बारीक केशवाहिनीतूनही सुखरूप जाऊ शकतो.

भिंत जवळ आली की काय बदलते?

भोवती सर्व बाजूंना अमर्याद पाणी असलेला, पूर्ण गोल बुडबुडा केवळ फुगत आणि आकसत राहिला, तर कायमस्वरूपी प्रवाह निर्माण होत नाही. पाणी सर्व दिशांना सारखेच ढकलले जाते आणि त्याच वाटेने परत येते. वल्हे पाण्याबाहेर काढलेच नाही, अशी ही अवस्था.

भिंत जवळ आली, की ही समतोल स्थिती मोडते. भिंतीच्या बाजूचे पाणी मोकळेपणाने हलू शकत नाही. त्यामुळे बुडबुडा फुगण्या-आकसण्याबरोबरच भिंतीच्या दिशेने मागे-पुढे सरकूही लागतो आणि त्याचा गोल आकारही बिघडतो. ही दोन्ही आंदोलने एकाच ठेक्यात होत नाहीत. एक दुसऱ्याच्या किंचित मागे राहते. परिणामी बुडबुडा फुगत असताना भिंतीपासून ज्या अंतरावर असतो, आकसत असताना त्या अंतरावर नसतो. पाण्याला जाताना एक वाट मिळते आणि येताना दुसरी. येथेच वल्ह्याचे तत्त्व लागू होते आणि बुडबुड्याभोवती भोवरे फिरू लागतात.

भिंतीवर बसलेल्या बुडबुड्याभोवतीचा हा भोवरा मेदुवड्याच्या आकाराचा, कडे केल्यासारखा असतो. एका प्रकारात पाणी भिंतीलगत चारही बाजूंनी बुडबुड्याकडे ओढले जाते आणि त्याच्या माथ्यावरून कारंज्यासारखे वर फेकले जाते. परिस्थिती बदलली की प्रवाहाचे रूपही बदलते. अमेरिकी संशोधक सॅम्युअल एल्डर यांनी १९५९ मध्ये भिंतीवरील बुडबुड्याभोवतीचे प्रवाह बारकाईने न्याहाळले. कंपनाचा विस्तार आणि द्रवाचा चिकटपणा यांनुसार प्रवाहाचे चार वेगवेगळे प्रकार दिसतात, असे त्यांनी नोंदवले.

या भोवऱ्याची खरी करामत त्याच्या भिंतीशी असलेल्या जवळिकीत आहे. द्रव पुढे-मागे हलत असताना सीमास्तर किती जाड असेल, हे वारंवारतेवर ठरते. चष्मा धुणाऱ्या यंत्रात साधारण ४० किलोहर्ट्झचा ध्वनी वापरला जातो. तेथे पाण्यातील हा स्तर सुमारे ३ मायक्रोमीटर जाड असतो. १ मेगाहर्ट्झला तो जेमतेम अर्ध्या मायक्रोमीटरवर येतो. पळीने ढवळलेले पाणी भिंतीपासून दूरच राहते. बुडबुड्याने फिरवलेले पाणी मात्र भिंतीच्या अगदी अंगाला घासत जाते.

एक साधा हिशेब पाहू. २ मायक्रोमीटर त्रिज्येचा बुडबुडा १ मेगाहर्ट्झच्या ध्वनीने त्रिज्येच्या विसाव्या भागाइतका, म्हणजे ०.१ मायक्रोमीटर थरथरत असेल, तर त्याच्यालगतच्या प्रवाहाचा वेग सेकंदाला काही सेंटिमीटर भरतो. हा वेग अर्ध्या मायक्रोमीटरच्या अंतरात शून्यावर यायचा असल्याने भिंतीवर पडणारा घासता ताण काही दशक पास्कल इतका होतो. निरोगी धमनीत रक्त वाहताना तिच्या भिंतीला जाणवणारा ताण अवघा काही पास्कल असतो. शिवाय हा प्रवाह थरथरीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. थरथर दुप्पट केली, तर प्रवाह चौपट होतो. हेच या तंत्राचे बळ आणि हाच त्याचा धोका.

रक्तात बुडबुडे सोडले जातात ते कशासाठी?

वैद्यकात बुडबुड्यांचा प्रवेश प्रतिमेसाठी झाला. अमेरिकेतील रॉचेस्टर येथे रेमंड ग्रॅमियाक आणि प्रवीण शाह यांनी १९६८ मध्ये नोंदवले, की हृदयाजवळ रंगद्रव्याचे इंजेक्शन दिल्यानंतर ध्वनिप्रतिमेत एकाएकी दाट प्रतिध्वनी उमटतात. इंजेक्शनबरोबर तयार झालेले सूक्ष्म बुडबुडे हे त्याचे कारण होते. आज यासाठी खास बनवलेले बुडबुडे मिळतात. त्यांच्या पोटात रक्तात सहज न विरघळणारा जड वायू असतो आणि भोवती मेदाम्लयुक्त किंवा प्रथिनांचे पातळ कवच असते. हृदयाच्या व यकृताच्या तपासणीत ते शिरेवाटे दिले जातात. काही मिनिटांत त्यांतील वायू फुफ्फुसांवाटे श्वासाबरोबर बाहेर पडतो.

असा बुडबुडा केवळ दिसतो असे नाही, तर काहीतरी करूही शकतो, याचे लक्षवेधी प्रात्यक्षिक २००३ मध्ये नेदरलँड्समधील ट्वेंटे विद्यापीठातून पुढे आले. फिलिप मार्मोटाँ आणि साशा हिल्गेनफेल्ट यांनी भिंतीवर बसलेल्या बुडबुड्याला सौम्य ध्वनीने थरथरवले. त्याने निर्माण केलेल्या प्रवाहात पेशीच्या पटलासारख्या मेदपटलाच्या सूक्ष्म पिशव्या ओढल्या गेल्या, ताणल्या गेल्या आणि फाटल्या. बुडबुडा फुटला नव्हता. केवळ त्याच्या भोवतीचा प्रवाह पुरेसा ठरला होता. पेशीचे पटल प्रवाहाने किंचित उघडता येत असेल, तर त्या वाटेने औषध आत सोडता येईल, या कल्पनेला त्यामुळे भक्कम आधार मिळाला.

याची सर्वाधिक निकड मेंदूच्या आजारांत आहे. पॉल एर्लिक यांनी १८८५ च्या सुमारास प्राण्यांच्या रक्तात रंग सोडला, तेव्हा इतर अवयव रंगले, पण मेंदू कोराच राहिला. मेंदूतील केशवाहिन्यांच्या पेशी एकमेकींना इतक्या घट्ट जोडलेल्या असतात, की रक्तातील बहुतांश पदार्थ पलीकडे जाऊ शकत नाहीत. याला रक्त-मेंदू अडसर म्हणतात. विषारी द्रव्यांपासून मेंदूचे रक्षण करणारी ही तटबंदी कर्करोगाच्या किंवा स्मृतिभ्रंशाच्या औषधालाही दाराबाहेरच थोपवते. औषध उपलब्ध असूनही ते रोगाच्या जागी पोहोचत नाही, ही रुग्णांच्या कुटुंबीयांच्या दृष्टीने फार मोठी शोकांतिका असते.

कुलेर्वो ह्यूनिनेन आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये सशांवर प्रयोग करून दाखवले, की रक्तात सूक्ष्मबुडबुडे सोडून मेंदूतील एका नेमक्या जागी ध्वनी केंद्रित केला, तर तेवढ्याच जागेचा अडसर तात्पुरता उघडतो. बुडबुडे नसतील तर त्यासाठी कितीतरी अधिक तीव्र ध्वनी लागतो आणि त्यात ऊती भाजण्याचा धोका असतो. २०१५ मध्ये टोरांटोच्या सनीब्रुक रुग्णालयात कवटी न उघडता मानवी रुग्णावर हे तंत्र प्रथम वापरले गेले. तेथेच अल्झायमरच्या मोजक्या रुग्णांवर झालेल्या सुरक्षितता-चाचणीचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. उघडलेला अडसर २४ तासांच्या आत पुन्हा बंद झाल्याचे त्यांत आढळले. जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेतील वेस्ट व्हर्जिनिया येथील पथकाने अल्झायमरच्या तीन रुग्णांना औषधाबरोबर हा उपचार दिल्याचे जाहीर केले. ध्वनी दिलेल्या भागांत अमायलॉइड या प्रथिनाचे साठे अधिक घटले होते. मात्र तीन रुग्णांवरून स्मृती परत येते असा निष्कर्ष काढता येत नाही.

भोवरा आणि स्फोट यांतील सीमारेषा

बुडबुड्याचा स्वभाव दुहेरी आहे. ध्वनी सौम्य असेल तर तो तालात थरथरतो आणि भोवरे निर्माण करतो. ध्वनी तीव्र झाला, की तो प्रमाणाबाहेर फुगून क्षणार्धात कोसळतो. भिंतीजवळ कोसळताना त्याच्या पोटातून पाण्याची एक बारीक धार भिंतीच्या दिशेने सुटते. जहाजांच्या पोलादी व काशाच्या पंख्यांना खड्डे पाडणारी ती हीच क्रिया. त्या नुकसानीच्या प्रश्नातूनच रॅले यांनी १९१७ मध्ये कोसळणाऱ्या पोकळीचे प्रसिद्ध गणित मांडले होते. चष्मा धुणाऱ्या यंत्रात कोसळणे आणि भोवरे दोन्ही कामाला येतात. जी धार धातूला खड्डा पाडते, ती मेंदूतील नाजूक केशवाहिनीत मात्र रक्तस्राव घडवू शकते.

म्हणून मात्रेचे भान अत्यावश्यक ठरते. निदानासाठी वापरल्या जाणाऱ्या सोनोग्राफी यंत्रांवर 'मेकॅनिकल इंडेक्स' नावाचा आकडा दिसतो. ध्वनीतील दाब किती खाली जातो आणि वारंवारता किती आहे, यांवरून तो काढतात. अमेरिकेत त्याची कमाल मर्यादा सर्वसाधारणपणे १.९ ठेवलेली आहे; बुडबुडे वापरून प्रतिमा घेताना त्याहून कितीतरी कमी पातळीवर काम चालते. मेंदूवरील उपचारात आणखी एक युक्ती वापरली जाते. बुडबुडे स्वतःही ध्वनी बाहेर टाकतात. तालात थरथरणाऱ्या बुडबुड्याचा सूर स्वच्छ असतो, तर कोसळणाऱ्याचा आवाज खरखरीचा. हा आवाज ऐकत राहून, खरखर जाणवताच ध्वनीचा जोर कमी करता येतो. प्रत्येकाच्या कवटीची जाडी वेगळी असल्याने आत नेमका किती ध्वनी पोहोचतो, हेही वेगळे असते. त्यामुळे हे ऐकणे विशेष मोलाचे.

काही प्रश्न अजून खुले आहेत. प्रयोगशाळेतील भोवरे सपाट भिंतीवर, मोकळ्या पाण्यात पाहिलेले असतात. केशवाहिनी मात्र बुडबुड्याहून थोडीच रुंद. तिच्यात भिंत एका बाजूला नसून चहूबाजूंना असते आणि ती लवचीकही असते. तेथे अडसर उघडण्यात भोवऱ्यांचा वाटा किती आणि फुगणाऱ्या बुडबुड्याने भिंतीला दिलेल्या प्रत्यक्ष रेट्याचा वाटा किती, यावर संशोधकांत एकमत नाही. रक्तही पाण्याहून अधिक चिकट आणि पेशींनी भरलेले असते. हे उत्तर केवळ कुतूहलाचे नाही. मात्रा नेमकी किती द्यावी, हे त्यावर अवलंबून आहे.

सर्वसामान्यांनी काय लक्षात घ्यावे?

गर्भवतींची किंवा पोटाची नेहमीची सोनोग्राफी करताना शरीरात कोणतेही बुडबुडे सोडले जात नाहीत. त्यामुळे येथे वर्णन केलेली प्रक्रिया आणि ती तपासणी यांची गल्लत करून घाबरण्याचे कारण नाही. ध्वनीने मेंदूचा अडसर उघडण्याचे तंत्र आजही मुख्यतः वैद्यकीय चाचण्यांच्या चौकटीत आहे. त्याचा हमखास उपचार म्हणून कोणी प्रचार करत असेल, तर तो कोणत्या चाचणीचा भाग आहे, किती रुग्णांवर झाला आणि त्यात काय आढळले, हे विचारण्याचा रुग्णाच्या नातेवाइकांना पूर्ण अधिकार आहे.

संशोधनाची दिशा मात्र आश्वासक आहे. एकेका नव्या रेणूच्या शोधासाठी अफाट श्रम आणि पैसा खर्च होतो. तो रेणू शेवटच्या काही मायक्रोमीटरवर, भिंतीपाशी अडून राहिला, तर ते सारे श्रम वाया जातात. पंख्याच्या पात्यावरील धूळ ज्या स्थिर थराच्या आश्रयाने टिकते, तशाच थरात हा अखेरचा टप्पा असतो. तेथवर पोहोचून द्रव हलवू शकणारे साधन फार थोडे आहे आणि ओढ्यात खळखळणाऱ्या बुडबुड्याचा हा अतिसूक्ष्म भाऊबंद त्यांपैकी एक आहे.